पथारे सरांचा साक्षीदार

लग्नाच्या पंगतीत नवरदेवाला "आ करा" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे पथारे सर. माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं आणि हळदीपासून त्याचा घसा बसलेला. सरांनी जिलेबी बाजूला सारली, मोबाईलची बॅटरी लावून त्याच्या घशात डोकावले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "टॉन्सिल काय सुंदर आहेत. काढायचे ठरले तर टाकून देऊ नका, मला कळवा." नवरीच्या मामांनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, हे गृहस्थ वरपक्षाचे नेमके कोण?

काय सांगणार, कपाळ? सर नगरच्या आमच्या हॉस्पिटलातले पॅथॉलॉजिस्ट आणि मी त्यांच्या हाताखालची टेक्निशियन. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यावर अँटिबॉडीचा थेंब सोडायचा, हे आमचं काम. अँटिबॉडी ठरलेल्या पेशीलाच चिकटते. नव्या पोरींना सर समजावतात, घोडेगावच्या बाजारात एवढी जनावरं असतात, तरी गाय आपल्याच वासराला चाटते ना, तसंच हे. ती चिकटली तिथे तपकिरी रंग चढतो, आणि आजाराशी लढणारी शरीराची फौज कुठे कशी बसलीय ते भिंगाखाली दिसतं.

पण रंग आलाच नाही तर? पेशीच नाहीत म्हणून आला नाही, की अँटिबॉडी बिघडली म्हणून? त्यासाठी प्रत्येक काचेवर शेजारी टॉन्सिलचा एक काप ठेवायचा. टॉन्सिलमध्ये ही फौज असतेच. तिथे रंग चढला तरच बाकीच्यावर विश्वास ठेवायचा. सर त्याला साक्षीदार म्हणतात. "साक्षीदार बोलल्याशिवाय निकाल नाही," हे वाक्य मी घरी इतक्यांदा वैतागून सांगितलंय की माझ्या नवऱ्यालाही पाठ झालंय.

चहाच्या बाबतीतही तेच. ग्लास उजेडाकडे धरणार, "रंग आहे, पण एकसारखा नाही" म्हणणार आणि परत पाठवणार. कॅन्टीनवाल्या मामांनी शेवटी कंटाळून त्यांना दूध द्यायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी हे खूळ माझ्याच घरावर येऊन आदळलं. माझी धाकटी बहीण मंगल, पुणतांब्याला दिलेली. तिच्या मानेत गाठ आली. सर्जननी ती काढली आणि तुकडा आमच्याकडेच आला. नेहमीच्या तपासणीत सरांना शंका आली. कॅन्सर असेल, नाहीतर नुसती सूज. आता सगळं एका अँटिबॉडीवर होतं. गाठीत पेशींचे गोल झुबके असतात. त्यांच्या आत रंग चढला तर कॅन्सर, झुबके कोरे राहिले तर सूज.

स्लाइड मीच केली. भिंगाला डोळा लावला तर झुबके कोरे करकरीत. देवाशप्पथ, मी तिथेच रडले आणि काच घेऊन सरांकडे पळाले. त्यांनी पाहिलं, काच जराशी सरकवली, परत पाहिलं.

"सुनंदाबाई, टॉन्सिलही कोरं आहे."

मी तिकडे बघितलंच नव्हतं. मधे फ्रीज बंद पडला होता, त्यात अँटिबॉडीची बाटली नासली असणार. मलाही ते कळत होतं हो, पण मन ऐकतं का? मी म्हटलं, झुबके कोरे आहेत ना सर, मग द्या की सही करून.

"साक्षीदार मुका आहे," सर म्हणाले. "त्याच्या भरवशावर मंगलला घरी पाठवू?"

माझं डोकंच फिरलं. तुमच्या घरचं कोणी असतं म्हणजे कळलं असतं, असं मी त्यांना तोंडावर बोलून गेले. सर एकटेच राहतात.

दुसऱ्या दिवशी सर कामावर आलेच नाहीत. मला वाटलं, रागावले. तर स्वारी एसटीने पुण्याला गेलेली, नवी बाटली आणायला. कुरिअरवर त्यांचा विश्वास नाही. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले असणार, कारण संध्याकाळी उतरले ते ओल्या पँटने, आणि तसेच स्टँडवरून लॅबपर्यंत चालत आले.

या खेपेला टॉन्सिलवर रंग कसा झक्क चढला. मंगलच्या गाठीतही चढला, पण झुबक्यांच्या बाहेर. आतून झुबके कोरेच. सरांनी उठून मला खुर्ची दिली.

"बघा. फौज आपापल्या जागेवर आहे. सूज आहे नुसती."

रिपोर्ट न्यायला आलेल्या मंगलने हट्टच धरला. "अक्का, ज्यांनी माझी गाठ बघितली त्यांला भेटल्याबिगर मी जायची न्हाई." आता आमच्या मजल्यावर पेशंट कधी फिरकत नाहीत. माणसं खालीच बरी होतात किंवा होत नाहीत, वर येतात ते त्यांचे तुकडे. मी तिला घेऊन गेले. सर खुर्चीतून उठले, बसले, परत उठले. मंगल पाया पडली तर त्यांना हात कुठे ठेवावा ते सुचेना. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"एवढी वर्षं झाली," ते मला म्हणाले, "रिपोर्टमधलं माणूस असं अख्खं आज पहिल्यांदा बघतोय. यांना घाई आहे का? बसतील का थोडा वेळ?"

पुणतांब्याकडची गाडी सुटायची वेळ झाली होती. मंगलला ते माहीत होतं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि स्टूल पुढे ओढलं.

"न्हाई ओ डॉक्टर," ती म्हणाली, "मला काय घाई न्हाई."