लांडोरबाईंचं फॅशन विद्यालय

बाळांनो, एका जंगलात कपड्यांवाचून कुणाचंच अडत नव्हतं. जो तो जन्मतःच अंगभर कपडे घालून येई आणि ते कधी आखूडही होत नसत. अशा जंगलात कमळजा नावाच्या लांडोरीने एका वडाखाली फॅशनचं पहिलं विद्यालय काढलं. तुम्ही हसू नका. जंगल आधीच पोट धरून हसलं होतं.

कमळजाबाईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा नवरा मोर. त्याचा नाच बघायला सगळे येत आणि जाताना म्हणत, "बायको मात्र अगदीच साधी हो." हे ऐकून ऐकून बाईंचा जीव विटला होता.

सिंहमहाराजांनी विद्यालयाला परवानगी दिली, पण अट घालून. "होळीपर्यंत कुणीतरी आपणहून कपडा मागितला पाहिजे. नाहीतर वडाखालची जागा रिकामी करा."

पहिले विद्यार्थी आले ते सावलीसाठी. एक चितळ, एक अस्वल आणि काही ससे. बाईंनी सुईदोरा काढलाच नाही. सगळ्यांना तळ्याकाठी उभं केलं आणि चितळाला विचारलं, "हे ठिपके तू असेच ठेवणार आहेस?"

"का बाई? काय झालंय त्यांना?"

"काही नाही. राहू दे."

त्या दिवशी चितळाला चारा गोड लागला नाही.

अस्वलाकडे बघून बाईंनी नुसता सुस्कारा टाकला. ससे आपले आपणच एकमेकांचे कान निरखू लागले. पुढे बाईंना शिकवावंही लागलं नाही. विद्यार्थी घरी जाऊन आईला नावं ठेवी, आई शेजारणीला. होळीच्या आत वडाखाली ही रांग लागली. कुणाला ठिपके झाकायचे होते, कुणाला केस.

महाराज तपासणीला आले. रांग शेवटपर्यंत बघितली. मग बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या आयाळीचं काही होईल का? हल्ली फार पसरट वाटते."

विद्यालय वाचलं.

संध्याकाळी मोर आला, पिसारा मिटून. "अगं, हे जरा भडकच दिसतं, नाही का? तुझ्यासारखं साधं काही शिवून देशील?"

कमळजाबाईंना त्याची दया आली. पण फार नाही. किती वर्षं त्या या वाक्याची वाट बघत होत्या. त्यांनी पिसाऱ्यावरून सावकाश नजर फिरवली.

"बघू हं," त्या म्हणाल्या. "तोवर रांगेत उभे राहा."

तात्पर्य : उघड्याला कपडा देणारा पुण्य कमावतो. अंगभर नेसलेल्याला उघडं वाटायला लावणारा विद्यालय चालवतो.