देवाकडे पाठ करणारे तात्या

आरतीला देवाकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या गल्लीतले तात्या. दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात ते आमच्याकडे तोंड करून झांज वाजवतात. कोणी टोकलं की म्हणतात, "देवाकडं काय बगायचं? त्यो हाय की जाग्यावर."

शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांचा जन्म गेला तो तयार माल तपासण्यात. बारीक भेगसुद्धा नजरेतून सुटायची नाही. ती खोड आरतीतही जात नाही. कडवं संपलं की शेरा आलाच. "वैनी, दूध गॅसवर ठिवून आलाय जनू." शिंदेवहिनी पळतात आणि दूध खरंच वर आलेलं असतं. गल्लीत राहायला आल्या आल्या मलाही प्रसाद मिळाला होता, "मास्तर, मोबाईल खिशात घाला. देवाला रेंज लागत न्हाय."

गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, "निदान मंत्रपुष्पांजलीला तरी वळा." तात्यांनी मान तेवढी वळवली, डोळे आमच्यावरच.

एका गुरुवारी मी शाळेतून परस्पर देवळात गेलो आणि डोळे मिटून टाळ्या वाजवू लागलो. मध्येच झांज थांबली.

"मास्तर, आई कुठायत?"

"येईल हो."

"तिसरं कडवं झालं. त्या पैल्याला असत्यात." झांज गुरुजींच्या हातात कोंबून तात्या अनवाणी सुटले, मागून मी.

आई न्हाणीत घसरून पडली होती. हाका मारत होती, पण घंटेच्या दणक्यात कोणाला ऐकू जाणार? पाय मुरगळण्यावर निभावलं. मला स्वतःची लाज वाटली. तसं मी तात्यांना बोलूनही दाखवलं.

ते उंबऱ्यावर बसून तळव्यातला खडा काढत होते. "आमची ही आरतीतच गेली. मागं बायकांत चक्कर येऊन पडली. मी पुढं, डोळं मिटून, एकदम तल्लीन. आरती संपल्यावर वळलो." खडा बाहेर भिरकावून म्हणाले, "तवापास्नं मिटत न्हाय."

पुढच्या गुरुवारी गुरुजींनी आरतीचं ताट उचललं. मी म्हणालो, "थांबा, तात्या आले नाहीत." गुरुजींनी ताट खाली ठेवलं.

दहा मिनिटांनी तात्या धापा टाकत आले. "गाडी पंक्चर झालती. कशापायी थांबलाय? देव हाय की जाग्यावर."

"देव आहे. तुम्ही नव्हता," आई म्हणाली.

तात्यांनी झांज घेतली. त्या दिवशी त्यांचा ताल सारखा चुकत होता, आणि कोणी शेरा मारला नाही.