काहीच न झाल्याचे पेढे

आमच्या जूचंद्रच्या सोसायटीत कुणी पेढे घेऊन आलं की काय झालं ते विचारायची रीत आहे. शेजारच्या संध्या म्हात्रेला विचारलं, तर ती फुललेल्या चेहऱ्याने म्हणाली, "वहिनी, काहीच झालं नाही. एकही जागची हलली नाही."

तळमजल्यावरच्यांनी तर लग्न ठरलं असं धरून तिचं अभिनंदनही उरकलं होतं.

संध्या मुंबईत एका प्रयोगशाळेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करते आणि त्याबद्दल कुठेही बोलायला लागते. एकदा हळदीच्या पंगतीत तिने ताटातले वाल मांडून आतडं समजावलं होतं. मेंदूसारखेच आतड्यातले मज्जातंतूही सेरोटोनिनसारख्या रसायनांतून निरोप देतात. निरोप पोचला की उरलेलं रसायन आत ओढून घ्यायला पेशींना बारीक दारं असतात. कॅन्सरच्या पेशी हीच दारं वाढवतात आणि त्या रसायनाच्या जोरावर यकृताकडे निघतात, असा तिचा संशय. समोरच्या काकूंनी जेवण अर्धवट टाकलं. "गाठीला कसलं घाबरता? तिच्या पायांना घाबरा," संध्या वर म्हणाली.

ते पाय तिने घरात पाहिले होते. तिच्या थोरल्या भावाची आतड्यातली गाठ डॉक्टरांनी नीट काढली, पण तोवर आजार यकृतात पोचला होता. तो गेल्यापासून त्यांची आई, आमच्या म्हात्रेमावशी, उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. लेकीच्या कामाबद्दल त्या अवाक्षर विचारत नसत. म्हणून तर संध्या साऱ्या जगाला शिकवायची आणि घरात गप्प असायची.

तिचा प्रयोग ऐकायला सोपा आहे. ताटलीत कॅन्सरच्या पेशींचा थर वाढवायचा आणि मधून एक रेघ खरवडून काढायची. पेशी सरकत येऊन ती रेघ बुजवतात. कितीतरी औषधं घालून झाली, तरी रेघ बुजायचीच, आणि त्या दिवशी संध्या लिफ्टमध्येही कुणाशी बोलायची नाही. या खेपेला तिने ती दारं बंद करणारं औषध घातलं. रेघ मोकळी राहिली. विश्वास बसेना म्हणून तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि मगच पेढे आणले.

हे सगळं ती मला जिन्यात सांगत होती. आम्ही दोघी मागे वळलो तर मावशी दारात उभ्या.

"मंग आता ती हलनार नाय?"

"ताटलीत नाही, आई. माणसांपर्यंत पोचायला फार वर्षं लागतील."

"पन एकदा थांबली ना?"

"थांबली."

मावशींनी पेढ्यांचा खोका तिच्या हातातून घेतला, पायात चपला सरकवल्या आणि त्या थेट समोरच्या विंगेत गेल्या. मला तर रडूच फुटलं.

"माज्या पोरीनं कॅन्सर थांबवला. पेढा घ्या," त्या दारोदार सांगत होत्या. त्यात किती दुरुस्त्या हव्यात ते संध्याला पक्कं ठाऊक होतं. ती खोक्याचं झाकण हातात धरून नुसती आईच्या मागून चालत राहिली.