शंकररावांची नुकसानभरपाई

सत्यनारायणाच्या प्रसादावर कर लागतो का, असं विचारणारा माणूस उमरखेडात एकच. शंकरराव. हातात शिऱ्याचा द्रोण आणि चेहरा असा, की मी हो म्हटलं असतं तर द्रोण तसाच खाली ठेवला असता.

त्यांची उभी हयात कोषागारात गेली. माझं कर-सल्ल्याचं ऑफिस बसस्टँडजवळ. दर सोमवारी येतात, चपला बाहेर काढतात आणि विचारतात, "वकील साहेब, सरकारचं काही राह्यलं तर नाही न माह्याकडं?" काकू गेल्या, मुलगी पुण्यात, कमाई पेन्शनीची. राहायचं काय? सरकारला इतकं जपतात, तेवढं कोणी जावयालाही जपत नाही.

मागच्या उन्हाळ्यात नालीच्या ठेकेदाराच्या टिप्परनं त्यांच्या परसातली भिंत पाडली. प्रकरण आपसात मिटलं, भरपाईचा चेक मिळाला. शंकरराव घामाघूम होऊन माझ्याकडे हजर. "ह्याच्यावर कर किती भरू?"

"काका, ही कमाई नाही. पडलेलं उभं करायचे पैसे आहेत. भिंत बांधा, बिलं जपून ठेवा, विषय संपला."

विषय कसला संपतो! पुढच्या सोमवारी, "अन् नाही बांधली तं?" त्याच्या पुढच्या सोमवारी, "कमाईच समजा न साहेब. भरतो मी कर." कर चुकवणारे रोज पाहतो, कर लावून घ्यायचा हट्ट धरणारा हा पहिलाच. शेवटी वैतागून मीच गवंडी घेऊन त्यांच्या घरी गेलो.

गवंडी मोजमाप घेऊ लागला, तेवढ्यात पडक्या भिंतीपलीकडून शेजारीणबाईंचा आवाज आला, "भाऊजी, जेवले का?" पाठोपाठ विटांच्या ढिगावरून झाकलेलं ताट आलं. शंकररावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

मग मला बाजूला नेऊन हळूच म्हणाले, "ह्या बाईंचं दार तिकडच्या गल्लीत. भिंत होती तवा त्यांचा आवाजबी मले माहीत नव्हता. आता रोज कोणीतरी विचारते, जेवले का. पैसे सारे सरकारनं नेले तरी चालते साहेब, पण भिंत बांधायले नका सांगू."

आमचं बोलणं पलीकडे ऐकू गेलं असावं. बाई पुढे आल्या. "मंग बांधा न भाऊजी, पण मधात दार ठेवा. आमाले कायले पाह्यजे नुसती भिंत?"

शंकरराव ताट घेऊन विटांवरच बसले. म्हणाले, "मले वाटलं, तुमाले भिंतच पाह्यजे असन."