बुरूड आळीचे दुसरे साल

श्री. मैदानाच्या मातीस दंडवत, ज्याने प्रथम चेंडू पायी घेतला त्या अनाम पुरुषास दंडवत, आणि हरोन घरी आलेल्या लेकरांस काही एक न विचारता ज्या माउल्यांनी पान वाढिले त्यांस विशेष दंडवत करोन वर्तमान लिहिले जाते ऐसे की, शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, वैशाख मासी, एका राज्यात फुटबॉलाचे अजिंक्यपद बुरूड आळीचे तालमीने घेतले. राज्याचे नाव घेत नाही. ज्यास ओळखणे तो ओळखील.

त्या राज्यात दहा तालमी दहा सरदारांप्रमाणे नांदत होत्या आणि प्रत्येकीची पेठ वेगळी, निशाण वेगळे, अभिमान तो त्याहून वेगळा. थंडी पडली की खेळ सुरू होई आणि उन्हाळा तापला की संपे, आणि मग जो सर्वांत वर त्यास ढाल मिळे आणि जे शेवटचे दोन ते दहांतून खाली पडत, आणि एकदा पडला तो वर येण्यास पिढी लागे ऐसा त्या राज्याचा कडक नियम. बुरूड आळी ही सर्वांत लहान. इतर पेठांच्या निशाणांस लागणारे वेळू तेथूनच जात, परंतु स्वतःचे निशाण उंच धरावे ऐसा प्रसंग आळीस कधी आला नव्हता. तो त्या साली आला. आळीने राजवाडा पेठेसारख्या मातब्बर तालमीस मागे टाकोन ढाल आणिली आणि म्हातारी माणसे रस्त्यात बसोन रडली, आणि कोणी कोणास उठवीना, कारण उठविणाराही रडतच होता.

आळीचे शिक्षक हिंदुराव सातपुते. दिवसा एस.टी.च्या आगारात गाड्यांचे ब्रेक तपाशीत आणि सांजेस पोरांस खेळ शिकवीत. यांची थोरली बहीण हौसाबाई, ती रावजी उलपे यांस दिली होती. हे रावजी म्हणजे राज्याचे भाकीतकार. तरुणपणी मोठे खेळाडू होते, पुढे गुडघा गेला, आणि मग दर साली मैदानाची पूजा होई त्या दिवशी कर्ण्यावरोन कोणती तालीम कितवी येणार ते सांगण्याचा मान त्यांजकडे आला. त्यांचा शब्द सहसा खाली पडत नसे. मागील साली मात्र त्यांनी बुरूड आळीस नववी बसविली होती आणि आळी पहिली आली, तेव्हा सारे राज्य त्यांस हसले आणि रावजीही पोटभर हसले, कारण बायकोचे माहेर जिंकले असता कोणता शहाणा रुसोन बसेल.

ऐसे होता दिवाळी सरली आणि राजवाडा पेठेने डाव टाकिला. आळीचा संग्राम भोई म्हणोन बिनीचा खेळाडू, निम्मे गोल त्याचेच, त्यास नोकरी देवोन आपलेकडे नेला. संग्रामाचे घरी बाप अंथरुणास खिळलेला, म्हणोन तो गेला, आणि जाताना आळीतोन न जाता मागील बोळाने गेला. मग राजवाड्याने हिंदुरावांसही बोलावणे धाडिले. तेव्हा हिंदुराव मेहुण्याचे घरी आले आणि रावजींपुढे बसोन बोलिले, "दाजी, औंदा आमचं काय व्हनार, खरं सांगा. राजवाडा मला मानानं न्यायला तयार हाय."

रावजींनी चहाची बशी खाली ठेविली आणि म्हणाले, "हिंदू, कडू लागंल."

"लागू दे."

"गेल्या साली तुमाला कुनी मोजलंच न्हवतं. मोठ्या तालमी तुमच्याम्होरं झोपंतच खेळल्या. औंदा समदे जागं असनार. तुमच्या पोरांपैकी गेल्या साली एकाचाबी पाय मुरगळला न्हाई, ती देवाची करनी, तुमची न्हवं. निम्मे सामने एका गोलानं जिंकलासा, त्यातला एकेक उलटा बी जाऊ शकला असता. त्यात आता ढाल हाय म्हनून गावोगावची आमंत्रणं येनार, पोरं दमनार. आनि संग्राम गेला."

"मग पडनार?"

"पडनार. देवानं हात दिला तर आठवं."

आतोन हौसाबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता तो थांबला. मग हिंदुराव बोलिले, "मग माझं ठरलं. मी आळीतच ऱ्हातो."

"अरं, पडनार म्हनलं मी!"

"म्हनूनच. चढताना पोरं आपल्या पायानं चढली, दाजी. उतरताना हात धराया कुनीतरी लागतं." आणि उंबऱ्यावर जावोन परत फिरले आणि म्हणाले, "मैदानावर बी खरंच सांगा. गोड बोलशीला तर पोरांस्नी वाटंल, तुमाला त्यांची कीव आली."

पुढे मार्गशीर्षात मैदानाची पूजा जाहली, नारळ फुटला, सारे राज्य गोळा जाहले आणि रावजींनी कर्ण्यावरोन एकेका तालमीचे भविष्य सांगितले. राजवाडा पहिला म्हणाले तेव्हा राजवाड्याने हलगी वाजविली. आणि बुरूड आळीचे नाव घेवोन रावजी म्हणाले, "आळी औंदा पडनार. देवानं हात दिला तर आठवी." मग जो गलका उठला तो काय वर्णावा. आळीच्या लोकांनी टोप्या आपटिल्या, इतर पेठा हसल्या, आणि हौसाबाई बायकांच्या बाजूस बसल्या होत्या त्या उठोन घरी गेल्या आणि रावजी पोचतात तो त्यांची पिशवी भरोन तयार होती.

"भर मैदानात माझ्या माहेराला आठवं बसवलंसा," त्या म्हणाल्या.

"तुझ्या भावानंच खरं सांगा म्हनून सांगितलं."

"त्यानं सांगावं, तुम्ही ऐकावं. मला कुनी इचारलं? आता तुमचं भाकीत खोटं पडू दे, मग येतो घरी. तवर पोरांच्या भाकऱ्या मीच भाजतो." ऐसे बोलोन हौसाबाई माहेरी गेल्या. माहेर दूर नव्हे, दोन वळणांवर. रावजी खिडकीत उभे राहिले असता आळीचा धूर दिसे, आणि त्यांतील कोणता धूर आपल्या बायकोच्या चुलीचा याचा ते विचार करीत उभे राहात.

मग खेळ सुरू जाहला आणि आळीने पहिलाच सामना तीन गोलांनी मारिला. आळीची पोरे ताशा घेवोन रावजींच्या दारी आली आणि "आठवी! आठवी!" म्हणोन चिडवू लागली. रावजी बाहेर आले, आणि रागे भरतील ऐसे सर्वांस वाटले, तो ते दुखरा गुडघा सांभाळीत ताशापुढे नाचू लागले, कारण जन्मात प्रथमच त्यांस आपला शब्द खोटा पडावा ऐसे वाटत होते. जिलबी आणोन माहेरी धाडिली. हौसाबाईंनी ती पोरांस वाटिली आणि निरोप धाडिला की, "एका सामन्यानं काय व्हत न्हाई. दम धरा."

परंतु भाकीत हे भुतासारखे. सोडू म्हणता सोडीत नाही. पौषात दोन पोरांचे पाय दुखावले. मग आळीने एक सामना हरिला, मग दुसरा, मग बरोबरी, मग पुन्हा हार. प्रत्येक तालीम ढालवाल्यांस पाडावयाचे म्हणोन दात खावोन येई. माघात तर एका तालमीने पाच गोल चढविले आणि पहावयास आलेली निम्मी आळी मध्येच उठोन गेली. त्या सांजेस हिंदुराव पोरांवर रागे भरले नाहीत. त्यांस नदीवर नेले, थंड पाण्यात उभे केले आणि म्हणाले, "आज काय चुकलं ते समद्यांस्नी ठाव हाय. आज बरं काय झालं, तेवढं एकेकानं सांगा." शेवटी दिगंबर बुचडे म्हणोन मागे बचावास खेळणारा थोराड, मुखदुबळा गडी होता, तो पाण्याकडे पाहात म्हणाला, "पाच झाल्यावर बी कुनी पळायचं सोडलं न्हाई." तेव्हा हिंदुरावांनी तोंडावर पाणी मारिले, ते पाणी होते की दुसरे काही हे कोणास कळले नाही, आणि मग सारे हौसाबाईंच्या भाकऱ्या खाण्यास गेले.

इकडे राज्यात रावजींचा बोलबाला जाहला. भाकीत अक्षरशः खरे होत आहे, ऐसा पुरुष होणे नाही, म्हणोन प्रतिष्ठित मंडळी शाल आणि हार घेवोन घरी आली. रावजींच्या चुलीवर तेव्हा पिठले लागत होते. ते म्हणाले, "शाल ऱ्हाऊ दे. तुमच्यात कुनाला हे पिठलं वाचवता येत असंल तर आत या." मंडळी हार दारास लावोन परत गेली.

ऐसे करता चैत्र आला, संवत्सर पालटले आणि शेवटला सामना उरला. आळी नववी होती. हरली तर पडली, बरोबरी केली तर आठवी होवोन वाचली. आणि समोर कोण, तर राजवाडा, ज्याची ढाल केव्हाच पक्की जाहली होती, आणि त्यात संग्राम. त्या दिवशी सकाळी हौसाबाई घरी आल्या. पिशवी हातात घेवोन अंगणात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. रावजी धावत बाहेर आले.

हौसाबाई म्हणाल्या, "आठवी म्हनला हुतासा न्हवं?"

"म्हनलो हुतो."

"मग करा आठवी."

"हौसा, सांगनं माझ्या हातात. खेळनं न्हवं."

हौसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग नुसतं या. माझ्याजवळ बसा. मला एकटीला बघवायचं न्हाई."

रावजी इतकी साले पंचांच्या मागे, कर्ण्याजवळ, कोणत्याच पेठेचे नव्हे ऐसे बसत आले होते. त्या दिवशी ते ती जागा सोडोन बुरूड आळीत जावोन बसले आणि साऱ्या मैदानाने पाहिले. कोणी शिटी मारिली, कोणी भाकीतकार विकला गेला म्हणाले. रावजींनी बायकोची पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरिली.

मग सामना जाहला. आळीची पोरे जिंकण्यास नव्हे, तर उभे राहण्यास खेळत होती. राजवाड्याची लाटेमागोन लाट येई आणि पोरे ती अंगावर घेत. मध्यंतर गेले, ऊन कलले, आणि मग संग्रामास चेंडू मिळाला, त्याने दोघांस चकविले आणि डाव्या पायाने ऐसा गोल मारिला की मैदान उठोन उभे राहिले. राजवाड्याचे गडी त्याजकडे धावले, परंतु संग्राम हात वर करीना. मान खाली घालोन जेथे होता तेथेच उभा राहिला. हौसाबाई हळूच म्हणाल्या, "वाईट नका म्हनू त्याला. ल्हानपनी माझ्या हातची भाकरी खाल्लेला पोरगा हाय." आणि कोणी वाईट म्हणाले नाही.

वेळ संपत आली. आळीस कॉर्नर मिळाला आणि हिंदुरावांनी साऱ्यांस पुढे धाडिले, दिगंबरासही. या दिगंबराने जन्मात गोल मारिला नव्हता. चेंडू आत आला, गर्दी जाहली, कोणी पाय मारिला, कोणी डोके घातले, आणि दिगंबर धक्का खावोन पाठमोरा पडत होता तो चेंडू त्याचे पाठीवर आदळला आणि जाळीत गेला. पंचांनी शिटी वाजविली. दिगंबरास काय जाहले हे कळले नव्हते. तो उठोन आपल्या जागी परत धावू लागला, कारण त्यास वाटले आपली काही चूक जाहली. मग सारे त्याजवर पडले. थोडक्याच वेळात शेवटली शिटी जाहली आणि एकास एक ऐसी बरोबरी होवोन बुरूड आळी आठवी आली.

तेव्हा आळी मैदानात उतरली. परंतु हिंदुराव आपल्या पोरांकडे प्रथम गेले नाहीत. ते संग्रामाकडे गेले. तो मान वर करीना. हिंदुराव म्हणाले, "गोल चांगला मारलास. डाव्या पायानं मार म्हनून सांगून सांगून मी दमलो, तवा ऐकलं न्हाईस." संग्राम रडू लागला. हिंदुरावांनी त्याचे डोके आपल्या खांद्यावर घेतले आणि विचारिले, "बाबा कसे हैत? उद्या येतो बघायला. आनि आळीतनं जात जा. मागच्या बोळात चिखल असतो."

वरती बाकावर रावजी आणि हौसाबाई दोघेच उरली. हौसाबाई म्हणाल्या, "आता गं बाई. तुमचं तर खरंच झालं. खोटं पडल्याबिगर घरी यायची न्हाई म्हनलो हुतो मी."

रावजी म्हणाले, "खोटं पडलं."

"ते कसं? आठवी म्हनलासा, आठवीच आली की."

"आळी पडनार, म्हनलो हुतो मी," रावजी म्हणाले. "कुठं पडली?"

हौसाबाईंनी मैदानाकडे पाहिले. मग पिशवी नवऱ्याच्या मांडीवरोन घेतली नाही, त्यांजकडेच राहू दिली, आणि दोघे हळूहळू पायऱ्या उतरली.

सारांश, विकारी नाम संवत्सरी ढाल राजवाड्याने नेली, हिंदुराव आळीतच राहिले, संग्राम सणावारी आळीत येवोन जेवू लागला आणि रावजींचे घरी पिठले लागणे बंद जाहले. आठव्या क्रमांकाची मिरवणूक काढावी ऐसा त्या राज्यात रिवाज नाही. आळीने काढिली. दिगंबरास खांद्यावर घेतले होते. इति.