दगडूअण्णांचे पंधरा

दगडूअण्णा ओळख करून घेण्याआधी माणसाचे खांदे चाचपत. आणीबाणी उठली त्या वर्षी माझी वणीहून नाशकात बदली झाली. पंचवटीच्या बाजारात मी मेथीची जुडी निरखत असताना मागून माझ्या खांद्यांवर दोन राकट पंजे पडले.

"काय करता?"

"मास्तर आहे."

"चालंल. आमचे पंधरावे तुम्ही."

अण्णांनी देवळालीच्या छावणीत मैदानाचा माळी म्हणून उभी हयात काढली होती. निवृत्तीच्या वेळी साहेबाने दिलेला लांबुडका चेंडू घेऊन ते आपल्या झेंडूच्या वावरात परतले आणि नदीकडचं एकरभर रान त्यांनी नांगरायचंच सोडलं. तिथे गोलाचे खांब म्हणून मांडवाचे बांबू उभे करून पंधरा गड्यांचा रग्बी क्लब काढला. "नाशकात ही रग्बी लय वाढंल," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. कबड्डी सोडून हे खूळ कशाला, असं कुणी विचारलं की अण्णांना नेमकं खुरपणीचं काम आठवे.

चांदवडचे कांदेवाले गडी ट्रकमधून पहिला सामना खेळायला आले. अण्णा आठवडाभर बाजारात झेंडू वाटत फिरले होते, त्यामुळे बांधावर अख्खा बाजार बसला होता. सामना सुरू झाला, आमच्या रामा हमालाला कुणीतरी धरून पाडलं. रामा उठला, माती झटकली आणि मुकाट्याने रेषेबाहेर जाऊन बसला. जन्मभर कबड्डी खेळलेला माणूस, पकडला गेला म्हणजे बाद. चांदवडकरही तसेच सरळमार्गी. दहा मिनिटांत दोन्हीकडचे मिळून वीसेक जण बाहेर, आणि चेंडू घेऊन मी आत.

अण्णा बांधावरून धावत सुटले. "आरं, आत जा! या खेळात कुणी बाद नसतंय!"

सामना आम्ही हरलो. मग अण्णांच्या अंगणात दोन्ही संघांना पिठलं-भाकरी. भाकऱ्या अण्णा स्वतः थापत आणि चौथी नको म्हणणाऱ्यालाही "इथं कुणी बाद नसतंय" म्हणून वाढत. एरवी मी खानावळीत भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस. त्या अंगणात मला नाशिक आपलं वाटायला लागलं.

दोन वर्षांत संघ गळत गेला. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न. नऊ जण उरले, तेव्हा एका रविवारी मीच शहाणपणा केला. "अण्णा, कबड्डीचा संघ करू. सात पुरतात."

अण्णांनी भाकरी उलटली.

"सातच पुरत्यात म्हणून तर नको, मास्तर," ते तव्याकडे बघत म्हणाले. "ही गेली तवापासनं एकट्यापुरती चूल पेटवू वाटत नाय. छावणीत बघितलं, या खेळाला दोन्हीकडची तीस माणसं लागत्यात. तीस माणसं जेवली की आठवडाभर घरात आवाज राहतो."

अनोळखी गावात मला ज्याने जेवायला माणसं दिली, त्याच्या पानाला सोबत हवी हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाजारात गेलो. एक धिप्पाड गडी कोबीची गोणी उतरवत होता. मी मागून जाऊन त्याचे खांदे चाचपले.