नानांचा ओढा आणि मास्तरांचं तोंड

"या शहराच्या पोटात कुठे काय वाहतं, ते मला विचारा!" असं नाना रंगारी छातीवर हात ठेवून सांगत. त्यांच्या वडिलांनी ज्या ओढ्यात रंगवलेली कापडं धुतली, तो आता रस्त्यांखाली गाडला गेला होता आणि त्याच्या वाटेवर उतारानं तीन बागा झाल्या होत्या. मुलीच्या होणाऱ्या सासरच्या मंडळींना घरी खुर्च्यांवर अवघडून बसवण्यापेक्षा या बागांमधून फिरवावं आणि शेवटच्या बागेत लग्नाची तारीख ठरवावी, हा बेत नानांचाच. बाबा, आज कुणाशी वाद घालू नका, एवढंच मुलीनं निघताना बजावलं होतं.

वाद पहिल्याच बागेत निघाला. होणारे व्याही म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. नाना मोठ्या भक्तीनं पायांखालचा ओढा दाखवत असताना ते म्हणाले, असे ओढे कधीच आटलेले असतात, खाली नुसता गाळ असणार. कडेच्या लोखंडी जाळीतून खळखळ ऐकू येत होती, तर ते म्हणे कुणाच्या तरी न्हाणीचं सांडपाणी. नानांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांना स्वतःला खोटं म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण हा गृहस्थ चक्क ओढ्याला मेलेला म्हणत होता!

मुलगी डोळे वटारत होती. ते दिसलंच नाही असं दाखवून नानांनी खिशातून आपल्या दुकानातल्या जांभळ्या रंगाची पुडी काढली आणि जाळीतून आत झाडली.

"खालच्या बागेतल्या तळ्याचं पाणी जांभळं झालं, की मग बोला, मास्तर."

दुसऱ्या बागेत विहीणबाईंच्या पायांत गोळे आले आणि त्यांनी जो बाक धरला तो सोडीचनात. सगळे बसले. नाना मात्र मुंग्या चावल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. शेवटी तिसऱ्या बागेत पोचले, तर तळं नेहमीसारखं शेवाळी आणि त्यातली बदकं पांढरीशुभ्र. अंगठी हरवलेल्या माणसासारखे नाना काठाकाठानं फिरले. जांभळ्याचा मागमूस नव्हता.

जिंकल्यावर माणूस गोड होतो, तसे मास्तर गोड झाले. जीव असतो एकेका गोष्टीवर माणसाचा, असं म्हणून त्यांनी नानांची पाठ थोपटली. ते थोपटणं नानांना फार लागलं. वडिलांचा ओढा खरंच गेला म्हणायचा. आता मुकाट्यानं तारीख ठरवायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

त्याआधी जरा ताजेतवाने होऊ म्हणून मास्तर झुडपांमागच्या माळ्याच्या नळावर गेले. स्वच्छतेचे भोक्ते. चष्मा काढून, डोळे मिटून त्यांनी तोंड, कान, मान आणि टक्कल खसाखसा चोळलं आणि रुमाल चाचपडत ते परत आले.

होणारा जावई उठून उभाच राहिला. मास्तर टकलापासून गळ्यापर्यंत जांभळ्या वांग्यासारखे झाले होते.

मास्तरांनी चष्मा लावला, हात पाहिले, रुमाल पाहिला आणि ते पुन्हा नळापाशी गेले. तिथे पाटी होती: विहिरीचं पाणी, पिऊ नये. ती त्यांनी सावकाश वाचली.

"म्हणजे तो तळ्यात जात नाही, विहिरीत झिरपतो," ते परत येऊन म्हणाले. "ओढा आहे, नाना. मी चुकलो."

नानांना त्या जांभळ्या माणसाला कडकडून मिठी मारावीशी वाटली. मुलीनं मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"आता तारीख," मास्तर बाकावर टेकत म्हणाले. "आमचं मागणं काहीच नाही. फक्त लग्नाच्या फोटोत माझं तोंड माझ्या रंगाचं असावं. हे उतरलं, की दुसऱ्या दिवशी बार उडवू. किती दिवसांत उतरेल?"

सगळे नानांकडे बघू लागले. कापड फाटेल पण आमचा रंग जाणार नाही, असं नाना गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आले होते आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"जाईल हो लगेच," ते पुटपुटले. "माझ्या दुकानाचा माल, मास्तर, कधी टिकलाच नाही."